मारबत, बडग्या आणि सुलतानी पीडा

मारबत आणि बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक हा नागपूरचा सार्वजनिक विधी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला होतो. विदर्भातल्या खेड्यांत त्याचे रूप साधे असते. पोळा संपला की दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे लोक पळसाच्या फांद्या गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात आणि वाटेभर मोठ्याने ओरडत रोगराई, खोकला, ढेकूण, मच्छर, जादूटोणा असे सगळे घेऊन जा म्हणून मारबतीला बजावतात. काही जण मारबतीला कृष्णाच्या गोष्टीतली पूतना समजतात. शहरात याच विधीला बांबू, कागद आणि चिंध्यांचे अंग मिळाले. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. काळी इतवारीतल्या नेहरू पुतळ्याजवळून निघते, तर पिवळी जागनाथ बुधवारीतून तऱ्हाणे तेली समाजाच्या वतीने. दोघींची वाटेत भेट होते, ती पाहायला तोबा गर्दी लोटते आणि शेवटी पुतळ्यांचे दहन होते.

या दोघींच्या मागेपुढे बडगे असतात. मारबत वर्षानुवर्षे तीच राहते, बडग्या मात्र दरवर्षी नवा असतो. मोहल्ल्यातली मंडळे तो टाकाऊ वस्तूंतून उभा करतात, त्याच्या गळ्यात पाटी अडकवतात आणि त्या वर्षी जे मनाला खुपले असेल ते पाटीवर लिहितात. महागाई, भ्रष्टाचार, बेरोजगारी, रस्त्यांवरचे खड्डे, दहशतवाद, कधी एखादा सरकारी निर्णय, कधी एखादा पुढारी. ज्या नागरिकाचा देशाच्या कारभाराशी संबंध एरवी सकाळचे वर्तमानपत्र आणि पाच वर्षांतून एकदा मतदानाची रांग एवढाच, त्याचे त्या वर्षाच्या बातम्यांवरचे मत येथे दहा-पंधरा फूट उंच होऊन रस्त्यावरून चालते. सगळ्याच पाट्या सारख्या धीट नसतात. सीमेपलीकडच्या शत्रूचा बडग्या काढायला काही मोल पडत नाही, त्याला सगळेच टाळ्या देतात. आपल्याच वॉर्डातल्या खड्ड्याचा बडग्या काढणारे मंडळ अधिक धीट म्हटले पाहिजे, कारण ज्याच्यावर बोट रोखले तो गर्दीत उभा असू शकतो.

धर्मविचाराच्या दृष्टीने या विधीतली लक्षणीय गोष्ट म्हणजे त्यातली यादी. खेड्यातल्या आरोळीत खोकला आणि ढेकूण होते, शहरातल्या आरोळीत त्यांच्याच रांगेत सरकार येऊन बसले. मराठी मुलखाला हे अगदी नवे नव्हते. आस्मानी आणि सुलतानी ही संकटांची जोडी येथे जुनी आहे, आणि पाली सूत्रांतही माणसाचे धन कोण हिरावते हे सांगताना राजा, चोर, आग आणि पाणी एका दमात मोजले आहेत. राजा हा विष्णूचा अंश ही एक परंपरा, राजा हा पुरासारखा सोसायचा ही दुसरी. बडग्या उघडच दुसऱ्या परंपरेतला आहे. त्यातून सत्तेचे देवत्व गळून पडते, हा मोठा लाभ होय. पण त्याच वेळी सत्ता निसर्गाच्या खात्यात जमा होते. पूर कोणी आणत नाही, तो येतो. मग जुलमी किंवा ढिसाळ कारभारही असाच येतो का, आणि शिवेबाहेर नेऊन टाकल्यावर तो जातो का, असा या विधीने न विचारता पुढे ठेवलेला प्रश्न आहे.

काळ्या मारबतीच्या कथेतच या प्रश्नाची गुंतागुंत दिसते. नागपुरात सर्वसाधारणपणे असे सांगतात की काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची राणी बाकाबाई, आणि तिला अडवले नाही म्हणून तिच्या नवऱ्याचा बडग्या. इतिहास पाहिला तर यातला दुसरा आरोप टिकत नाही. बाकाबाईचे पती दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारले. त्यांचे पुतणे अप्पासाहेब यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला तो त्यानंतर दोन महिन्यांनी, आणि इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली ती नोव्हेंबर १८१७ मध्ये. पहिला आरोप तितका पोकळ नाही. बाकाबाई इंग्रजांच्या बाजूने होती आणि १८५७ मध्येही ती त्यांच्याच बाजूने राहिली. परंतु तिचे वैर मुळात अप्पासाहेबांशी होते. रघूजींचा मुलगा परसोजी फेब्रुवारी १८१७ मध्ये मृतावस्थेत सापडला आणि संशय अप्पासाहेबांवर गेला. ज्या इंग्रजांवर तिने भरवसा ठेवला त्यांनीच १८५४ मध्ये वारस नामंजूर करून राज्य खालसा केले आणि भोसल्यांचे हत्ती-घोडे व जडजवाहीर लिलावात काढले. म्हणजे तह केला एका पुरुषाने, राज्य गिळले कंपनीने, आणि काळा रंग मिळाला एका विधवेला. लोकस्मृतीने दोषी अगदीच चुकीचा निवडला असे नाही, पण जो दोष अनेकांत वाटला गेला होता तो तिने एका देहात कोंबला. पुतळ्याला एकच तोंड असते, त्यामुळे हा धोका या विधीच्या घडणीतच आहे.

पीडा कोणाच्या अंगावर घालून बाहेर काढायची, हा प्रश्न जगभरच्या धर्मांना पडलेला आहे. यहुदी धर्मग्रंथातील लेवीय पुस्तकात समाजाची पापे बोकडाच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात सोडतात. महाभारताच्या शांतिपर्वातली वेन राजाची कथा सत्तेच्या दृष्टीने याहून जवळची आहे. वेन अधर्माने वागू लागला तेव्हा ऋषींनी त्याला मंत्रलेल्या कुशांनी मारले. मग त्याची मांडी घुसळली, तिच्यातून एक ठेंगणा, काळा पुरुष निघाला आणि त्याला निषाद ठरवून बाजूला सारले. उजवा हात घुसळला तेव्हा पृथू निघाला, आणि तो आदर्श राजा ठरला. राज्यसंस्था वाचावी म्हणून राजाचे पाप वेगळे काढून दुसऱ्याच्या देहात घातले, आणि तो दुसरा म्हणजे रानात राहणाऱ्या जमातींचा पूर्वज. कथा जुलमी राजाला मारायची मुभा देते, यासाठी तिचे कौतुक होते. तिच्यातल्या या दुसऱ्या व्यवहाराकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. दोष कोणाचा आणि तो वाहायचा कोणी, ही नावे येथेही वेगळी आहेत.

त्याच शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की काळ राजाला घडवतो की राजा काळाला, याबद्दल शंका नको, राजाच काळाचे कारण होय. बडग्याच्या पाटीमागेही न कळत हेच गृहीत असते. महागाई वाढली की दिल्लीतला कोणी तरी जबाबदार. यात नागरिकाचे शहाणपण आहे, कारण ज्याच्या हाती अधिकार त्याच्याकडेच जाब मागायचा असतो. पण भीष्मांच्या उत्तरात प्रजा केवळ पाऊसपाणी सोसणारी उरते.

बौद्ध परंपरेने हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने मांडला. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एक राजा रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य येते, दारिद्र्यातून चोरी. पकडलेल्या चोराला राजा धन देतो, ते ऐकून आणखी लोक चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेद सुरू करतो, ते पाहून चोरही शस्त्रे करवून घेतात आणि लुटलेल्याला जिवंत ठेवत नाहीत. पुढे खोटेपणा, चहाडी, व्यभिचार, आणि माणसाचे आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून घटत दहा वर्षांवर येते. या कथेत हाकलून देण्याजोगी पूतना कुठेच नाही. कारणांची साखळी आहे, राजा तिची पहिली कडी आहे, पण पुढच्या कड्या प्रजेने घडवल्या आहेत. शेवटी सुधारणाही राजापासून सुरू होत नाही. काही माणसे रानात लपून कत्तलीतून वाचतात, एकमेकांना जिवंत पाहून गळामिठी घालतात आणि आता मारायचे नाही असे ठरवतात. सुलतानी आस्मानीच्या यादीतून बाहेर काढणारे इतके स्वच्छ विवेचन प्राचीन साहित्यात विरळाच.

आधुनिक समाजशास्त्राने अशा विधींवर वेगळाच आक्षेप घेतला आहे. मॅक्स ग्लकमन या मानवशास्त्रज्ञाने आग्नेय आफ्रिकेतल्या विधींवरील १९५४ च्या निबंधात म्हटले की राजाची विटंबना करणारे विधी राजसत्तेला धक्का लावत नाहीत, उलट ती बळकट करतात; वर्षातून एकदा वाफ निघून जाते. स्पेनमधील वॅलेन्शिया शहरात मार्चमध्ये पुढाऱ्यांची खिल्ली उडवणारे प्रचंड पुतळे उभारून १९ तारखेच्या रात्री जाळतात, त्यांच्याबद्दलही हे म्हणता येईल. नागपूरला हा आक्षेप अर्धाच लागू पडतो. १८७६ च्या कायद्याने सरकारला नाटके बंद पाडण्याचा अधिकार दिला आणि १८७८ च्या कायद्याने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधले. काळी मारबत निघू लागली असे सांगतात ते वर्ष यांच्या लगतचे. अशा काळात धर्माच्या आडोशाने काढलेला पुतळा म्हणजे केवळ वाफ नव्हे, ती बोलण्याची शिल्लक राहिलेली जागा होती. आज अभिव्यक्तीचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात आहे, तेव्हा ग्लकमनचा मुद्दा पूर्वीपेक्षा जास्त बोचायला हवा. पुतळा जळाल्यावर खड्डा बुजला का, हे पुढच्या पोळ्यापर्यंत कोणी विचारत नाही.

याच शहराने सत्तेला सामोरे जाण्याची दुसरी रीतही पाहिली आहे. १९२३ च्या मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत येथे झेंडा सत्याग्रह चालला. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाण्यास मनाई होती, आणि रोज नवी तुकडी जाऊन अटक करून घेत होती. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, विनोबाही गेले, पुढे सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. मारबतीत आणि सत्याग्रहात मिरवणूक आहे, घोषणा आहे, सत्तेवर ठपकाही आहे. फरक पीडा कोणाच्या अंगावर घ्यायची यात आहे. मारबतीत ती कागदाच्या अंगावर जाते, सत्याग्रहात ज्याने ठपका ठेवला त्याच्याच. सत्याग्रही अन्यायाचा साक्षीदारही असतो आणि त्याची किंमतही भरतो, म्हणून त्याला पुतळ्याची गरज लागत नाही. मात्र ही रीत रोजच्या वापराची नाही. महागाईसाठी दर श्रावणात तुरुंगात जा असे संसारी माणसाला सांगता येत नाही, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहाचेही समर्थन उरत नाही. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्धही इशारा दिला: धर्मात भक्ती मोक्षाची वाट असेल, राजकारणात ती अधःपाताची आणि हुकूमशाहीची वाट आहे. बडग्याच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच ठरतो. ज्या समाजाला पुढाऱ्याची पूजा सहज जमते त्याला वर्षातून एक दिवस त्याचा बडग्या करण्याची सवय असलेली बरी.

याच आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचे व्याकरण मारबतीच्या आरोळीच्या नेमके उलटे आहे. आरोळी दुसऱ्याला आज्ञा करते, प्रतिज्ञा ‘मी’ म्हणून बोलते: मी मानणार नाही, मी करीन. विषमता ही येथेही समाजातून घालवायची पीडाच आहे, पण ती घालवण्याचे काम म्हणणाऱ्याने स्वतःच्या आचरणावर घेतलेले असते. त्या विचाराला सुलतानी आणि ती सोसणारा यांच्यामध्ये शीव आखता येत नाही.

विदर्भातल्याच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हा विचार थेट मतपेटीपर्यंत नेला. १९५५ च्या ग्रामगीतेत ते मताला दुधारी तलवार म्हणतात, नीट वापरले नाही तर शेवटी वार आपल्यावरच उलटतो. लोकशाहीत भीष्मांचे उत्तर असे बदलते: राजा काळाला घडवत असेल, तर त्या राजाला दर पाच वर्षांनी कोणी घडवले हेही विचारावे लागते. पाकीट घेऊन मत देणारा, जातीकडे पाहून मत देणारा, मतदानाच्या दिवशी सुट्टी समजून बाहेरगावी जाणारा, यांचाही बडग्या तर्काने निघायला हवा. भ्रष्टाचाराच्या बडग्याला बहुधा टोपी आणि खुर्ची असते, त्याच्या हातात लाच ठेवणारा दुसरा हात क्वचितच दाखवतात. विधीच्या चौकटीत त्याला मज्जाव आहे असे मात्र नाही. मारबतीचे रूप परंपरेने बांधलेले असले तरी बडग्याचे तसे नाही, त्याच्या पाटीवर काय लिहायचे ते मंडळातली पोरे पोळ्याच्या आधी चहाच्या टपरीवर बसून ठरवू शकतात.