सोडत कोणाच्या खिशातून?

हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जुलै 2025 मध्ये सरकारी लॉटरी पुन्हा सुरू करायचे ठरवले. राज्य कर्जात आहे, केंद्राकडून येणारा पैसा पुरत नाही आणि नवा कर लावायचा तर मतदार रुसतो. अशा वेळी प्रत्येक राज्याची नजर केरळकडे जाते. लॉटरी काढा, पैसा शाळा-दवाखान्यांना द्या, कोणावर सक्ती नाही आणि कोणाचे नुकसान नाही, असा हा युक्तिवाद. तो इतका सोयीचा आहे की त्याचा हिशेब नीट तपासायलाच हवा.

केरळने 1967 मध्ये देशातली पहिली राज्य लॉटरी सुरू केली. तिकीट एक रुपयाचे, पहिले बक्षीस 50,000 रुपयांचे आणि सोडत 26 जानेवारी 1968 रोजी. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 ची. लोकांनी मटक्याऐवजी सरकारी तिकीट घ्यावे हा तिच्यामागचा एक विचार होता. केरळने पुढे 2011 मध्ये ‘कारुण्य’ नावाची सोडत काढली आणि तिचा नफा कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, हिमोफिलिया अशा दुखण्यांनी खचलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवला. मी या योजनेला कमी लेखत नाही. डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला पैसा कुठून आला हे विचारायची सवड नसते आणि त्याने ते विचारूही नये. तिकिटे विकून पोट भरणाऱ्यांत तिथे कितीतरी अपंग आणि वृद्ध आहेत, हेही विसरून चालणार नाही.

पण केरळच्या शाळा लॉटरीने उभ्या केल्या, असे मात्र कोणी म्हणू नये. त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी प्रजेच्या शिक्षणाचा खर्च राज्याने करावा असे फर्मान काढले ते 1817 मध्ये, पहिल्या तिकिटाच्या दीडशे वर्षे आधी. तिथली साक्षरता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली ती मिशनऱ्यांच्या, समाजसुधारकांच्या आणि करातून केलेल्या सरकारी खर्चाच्या बळावर. लॉटरी त्या घरात फार उशिरा आली.

शिवाय विक्रीचा आकडा आणि हाती उरणारा आकडा यांत मोठे अंतर असते. केरळमध्ये वर्षभरात दहा हजार कोटींहून अधिक रुपयांची तिकिटे विकली गेली आहेत. त्यातला बहुतेक पैसा बक्षिसांत, एजंटांच्या कमिशनात आणि छपाई-व्यवस्थापनात जातो. वर्तमानपत्रात छापला जातो तो पहिला आकडा. रुग्णालयाच्या कामी येतो तो उरलेला.

तरी पैसा पैसाच, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील फ्लोरिडाचा अनुभव पाहावा. तिथल्या मतदारांनी 1986 मध्ये शिक्षणासाठी म्हणून लॉटरीला कौल दिला. लॉटरीचा पैसा शिक्षणखात्यात आला खरा, पण राज्याच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातला शिक्षणाचा वाटा आक्रसत गेला. हे कसे होते ते समजायला साधा हिशेब पुरे. सरकार शाळांवर हजार कोटी खर्च करते आणि लॉटरीतून शंभर कोटी मिळाले. पुढच्या वर्षी अर्थमंत्री आपल्याकडून नऊशेच देतात. शाळांना हजारच मिळाले, जाहिरात मात्र शंभर कोटींची झाली आणि वाचलेले शंभर भलतीकडे गेले. यात कायदा कुठेही मोडलेला नसतो.

अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. तिथे 1993 पासून लॉटरीच्या पैशातून ‘होप’ ही शिष्यवृत्ती मिळू लागली. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा सुरुवातीला 66,000 डॉलर होती. 1995 मध्ये ती काढूनच टाकली. त्याच काळात केंद्र सरकारची ‘पेल’ मदत मिळणाऱ्या गरीब विद्यार्थ्याच्या ‘होप’मधून ती रक्कम वजा केली जाई, ही वजावट पुढे कित्येक वर्षांनी थांबली. चार्ल्स क्लॉटफेल्टर आणि फिलिप कुक या अर्थतज्ज्ञांनी 1989 मध्येच दाखवून दिले होते की कमी उत्पन्नाची कुटुंबे आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा तिकिटांवर घालतात. म्हणजे मोलमजुरी करणाऱ्याने तिकीट घ्यायचे आणि सुस्थितीतल्या घरातल्या मुलाची फी भरायची. त्याच पैशातून जॉर्जियाने चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालवर्गही काढले, आणि त्यांचा लाभ गरिबांपर्यंत नक्की पोचला. पण त्याने शिष्यवृत्तीतला अन्याय धुऊन निघत नाही.

‘कोणावर सक्ती नाही’ हा मुद्दाही मला पटत नाही. तंबाखूवर कर लावणारे सरकार निदान तोंडाने तरी ‘खाऊ नका’ म्हणते. लॉटरी चालवणाऱ्या सरकारला मात्र विक्री वाढायलाच हवी असते. नाइलाजाने जगणाऱ्या माणसाच्या आशेवर सरकारनेच विक्रीचे उद्दिष्ट ठेवावे, हे मला कल्याणकारी राज्याचे लक्षण वाटत नाही.

महाराष्ट्राला यापेक्षा चांगला मार्ग माहीत होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या आणि 1972 च्या दुष्काळात फोफावलेल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्याने 1975 मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामासाठी पैसे द्यायचे, असा तो उघड करार होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, करातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारने आपल्या तिजोरीतून निधीत घालायची, हे बंधन कायद्यातच होते. फ्लोरिडाला जे जमले नाही ते इथे कागदावर तरी बांधून घेतले होते. त्या निधीतला पैसा पुढे पुरता कामांवर लागला नाही, ही तक्रार खरी आहे. पण ती अंमलबजावणीची तक्रार आहे, रचनेची नाही.

आज त्या व्यवसाय कराची अवस्था काय आहे? राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने त्यावर वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे आणि ती 1988 पासून बदललेली नाही. महिना पंधरा हजार मिळवणारा कारकून 2,500 भरतो आणि महिना पंधरा लाख मिळवणारा व्यवस्थापकही 2,500 च भरतो. आठवड्याला 50 रुपयांचे एक लॉटरीचे तिकीट घेणारा हमाल वर्षाला 2,600 रुपये घालवतो. ही मर्यादा उत्पन्नानुसार चढती करावी, वाढीव रक्कम जिल्हा रुग्णालये आणि सरकारी शाळांसाठी बांधून ठेवावी आणि तितकीच भर राज्याने घालावी, अशी घटनादुरुस्तीची मागणी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ठराव करून संसदेकडे पाठवावी.