शेवटच्या संघाचा वाटा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही शाळेच्या आवारात उभे होतो. पावसाने उघडीप दिली होती आणि दहाबारा मुले ओल्या कोर्टवर बास्केटबॉल खेळत होती. त्यांच्यातील एक तरुण, जो आता ज्युनियर कॉलेजात शिकतो, घाम पुसत आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "फादर, एक विचारू? अमेरिकेत एन.बी.ए.मध्ये जो संघ शेवटी येतो, त्यालाच नवा चांगला खेळाडू आधी निवडू देतात. हे बरोबर आहे का?"

आम्ही धर्मगुरूला शोभेल असे उत्तर तत्काळ दिले. म्हटले, "बरोबरच आहे. दुर्बलाला आधार द्यायलाच हवा."

"पण फादर, तो दुर्बल नसेल, दुर्बल झाला असेल तर? म्हणजे मुद्दाम?"

या दुसऱ्या प्रश्नाला मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याने मित्राच्या हाकेला ओ दिली आणि तो निघून गेला. आमची सुटका झाली, पण प्रश्न मनातून गेला नाही. दानधर्म, शिष्यवृत्त्या, सवलती, राखीव जागा या सर्व बाबतींत हाच प्रश्न कधी ना कधी आपल्या दाराशी येऊन उभा राहतो. तो सोडवायला बास्केटबॉलचे उदाहरण सोयीचे वाटले, कारण तेथे जयपराजय मोजलेले असतात आणि नियम लेखी असतात.

प्रथम हे समजून घेऊ की, असा नियम करण्याची गरज याच खेळात इतकी का भासली. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत एखाददुसरा गोल होतो. दुबळा संघही नशिबाने एक गोल करून बलाढ्य संघाला लोळवू शकतो. बास्केटबॉलमध्ये तसे सहसा घडत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांत प्रत्येक संघ सुमारे शंभर वेळा चढाई करतो. इतक्या वेळा नशीब साथ देत नाही. त्यातच मैदानावर एका बाजूला पाचच खेळाडू. त्यांतला एक असामान्य असला, तर तो जवळजवळ सारा सामना खेळतो आणि सारा सामना व्यापतो. परिणाम असा की, ज्याच्याकडे तो एक माणूस, त्याच्याकडे वर्षानुवर्षे विजेतेपद. १९५६ साली बॉस्टन सेल्टिक्स संघाने बिल रसेल यांना मिळवले. १९५७ ते १९६९ या तेरा मोसमांत सेल्टिक्सने अकरा वेळा विजेतेपद पटकावले. त्यांपैकी आठ तर सलग. बॉस्टनकर आनंदात होते हे खरे. परंतु उरलेल्या शहरांतील प्रेक्षकांनी तिकिटे कोणत्या आशेवर काढायची?

म्हणून नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ज्याला तिकडे ड्राफ्ट म्हणतात, खालच्या संघांना आधी हात घालू देण्याची प्रथा पडली. तिचा इतिहास म्हणजे नियम आणि मनुष्यस्वभाव यांची एक दीर्घ झटापट आहे. १९६६पासून दोन्ही विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणे उडवून पहिली निवड ठरत असे. १९८४ साली ह्यूस्टन रॉकेट्स मुद्दाम सामने हरत असल्याची कुजबुज फार वाढली. म्हणून १९८५ साली सोडत आली: बाद फेरी न गाठलेल्या सात संघांचे सात लिफाफे, सर्वांना समान संधी. ती पहिली सोडत न्यूयॉर्कने जिंकली. मग सर्वांत दुबळ्यावर अन्याय होतो अशी तक्रार झाली, म्हणून १९९०पासून दुबळ्याला अधिक संधी देण्यात आली. १९९३ साली ऑर्लँडोचा संघ, ज्याने जितके सामने हरले तितकेच जिंकलेही होते, सहासष्ट चेंडूंपैकी आपल्या वाट्याच्या एकुलत्या एका चेंडूवर पहिला आला. लगेच दुबळ्याचे पारडे आणखी जड करण्यात आले आणि सर्वांत खालच्या संघाची पहिल्या निवडीची संधी शेकडा पंचवीस झाली. पुढे त्याचाही गैरफायदा घेतला गेला, तेव्हा २०१९च्या सोडतीपासून तळाच्या तिन्ही संघांना शेकडा चौदा अशी सारखी संधी ठरली. एकदा दुबळ्याकडे झुकायचे, मग त्याच्यावर संशय घ्यायचा, मग पुन्हा त्याची कीव करायची असा हा लंबक चाळीस वर्षे हलत राहिला आहे.

आता त्या गैरफायद्याविषयी. फिलाडेल्फियाच्या संघाने २०१३ ते २०१६ या तीन मोसमांत २४६ सामन्यांपैकी केवळ ४७ जिंकले. तिसऱ्या मोसमात तर ८२ पैकी दहाच. हे अपयश अपघाती नव्हते. व्यवस्थापकांनी चांगले खेळाडू देऊन टाकले आणि त्यांच्या बदल्यात पुढील वर्षांच्या निवडीचे हक्क साठवले. हे धोरण उघड होते, आणि त्याचे समर्थन करणारे चाहतेही पुष्कळ होते.

आम्हांला येथे सेमिनरीतील नीतिशास्त्राचा तास आठवतो. कोणत्याही कृत्याची परीक्षा करताना प्रत्यक्ष कृती, तिच्यामागील हेतू आणि भोवतालची परिस्थिती ही तिन्ही तपासावीत असे आमचे वृद्ध प्राध्यापक बजावीत. ही कसोटी येथे लावू गेले तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मैदानावरचा खेळाडू जीव तोडून खेळतो. त्याचा करार संपत आलेला असतो, नोकरी टिकवायची असते, तो हरण्यासाठी खेळूच शकत नाही. प्रशिक्षकही जिंकण्यासाठीच झटतो. व्यवस्थापकाने नियमबाह्य असे काहीच केलेले नसते. कोणीही खोटे बोलत नाही. आणि तरीही त्या रात्री सभागृहात जे घडते ते खरे नसते. अशी पापे पकडणे फार कठीण, कारण कबुलीजबाबाला यायचे कोणी हेच ठरत नाही!

यावर एक प्रतिवाद आहे आणि तो दुबळा नाही. शेतकरी जमीन पड ठेवतो, ते पुढील पीक चांगले यावे म्हणून. त्याला आपण आळशी म्हणत नाही. तद्वत एखाद्या संघाने दोनतीन वर्षे तरुणांना शिकू दिले आणि त्यात पराभव पत्करले तर बिघडले कुठे? आमचे म्हणणे, काहीच बिघडले नाही. शिकण्यासाठी हरणे निराळे. पण शेतकरी पड जमिनीवर कोणाला कापणीला बोलावीत नाही, तिकीट तर लावीत नाहीच. एप्रिल २०२३मध्ये डॅलसच्या संघाला बाद फेरीची आशा शिल्लक असताना त्याने आपले प्रमुख खेळाडू सामन्याबाहेर बसवले, कारण हरले तर निवडीचा हक्क हातचा जाणार नव्हता. एन.बी.ए.ने साडेसात लाख डॉलरांचा दंड केला. आमच्या मते तो योग्यच होता. शिकणारा संघ आणि हरू इच्छिणारा संघ यांतली सीमारेषा पुसट असते, पण ती आहे.

परंतु मुळात शेवटच्याला देणे न्याय्य का, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. आमचे पहिले उत्तर भाबडे होते हे आता आम्ही मान्य करतो. संघांचे मालक कोट्यधीश. त्यांच्यावर दया कसली करायची?

योगायोग असा की, आपल्या काळातील न्यायविषयक सर्वांत गाजलेल्या वादात बास्केटबॉलपटूचेच उदाहरण आले आहे. बॉस्टनलगतच्या हार्वर्ड विद्यापीठात दोन तत्त्वज्ञ एकाच वेळी शिकवीत होते. जॉन रॉल्स यांनी १९७१ साली मांडले की, उंची, बुद्धी, चापल्य ही देणगी आहे, कमाई नव्हे. म्हणून समाजातील विषमता तेव्हाच समर्थनीय, जेव्हा तिच्यापासून सर्वांत खालच्यालाही लाभ होतो. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली त्याला उत्तर देताना विल्ट चेंबरलेन या सात फुटांहून उंच खेळाडूची कल्पित कथा रचली. समजा, समाजात संपत्तीची वाटणी तुम्हांला हवी तशी, अगदी समान आहे. चेंबरलेनचा खेळ पाहायला येणारा प्रत्येक जण त्याच्या नावाच्या पेटीत स्वखुशीने पंचवीस सेंट टाकतो. मोसमात दहा लाख लोक येतात, चेंबरलेनजवळ अडीच लाख डॉलर जमतात आणि समानता मोडते. कोणावर अन्याय झाला? कोणावरही नाही, असे नोझिक म्हणतात. आणि ही समानता पुन्हा आणायची तर लोकांच्या स्वातंत्र्यात सतत ढवळाढवळ करावी लागेल.

हा युक्तिवाद प्रथम वाचला तेव्हा आम्ही निरुत्तर झालो होतो. आज मात्र त्यात एक छिद्र दिसते. चेंबरलेन त्या रात्री एकटा खेळत होता काय? रिकाम्या कोर्टवर एका उंच माणसाने बास्केटमध्ये चेंडू टाकलेले पाहायला पंचवीस सेंट कोण देईल? १९६२ साली त्याने एकाच सामन्यात शंभर गुण केले तेही समोर न्यूयॉर्कचा संघ होता म्हणून. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ सालीच हे मुष्टियुद्धाच्या उदाहरणाने दाखवून दिले होते: जो लुईला पैसा मिळायचा तर श्मेलिंगसारखा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवा. दुकानदाराला शेजारचे दुकान बंद पडले तर आनंद होतो. खेळाडूचे तसे नाही. प्रतिस्पर्धी नाहीसा झाला की, त्याचा धंदाच बुडतो.

म्हणजे त्या पेटीतील पंचवीस सेंटांत हरणाऱ्याचाही वाटा आहे. सामना दोघांनी मिळून निर्माण केला. जिंकणाऱ्याने यश नेले, टाळ्या नेल्या, आणि हरणाऱ्याने, त्याला हरवण्यात मोल वाटावे इतका प्रतिकार दिला. म्हणून पहिल्या निवडीचा हक्क, वेतनावरची मर्यादा (ही १९८४-८५च्या मोसमापासून आली), अधिक खर्च करणाऱ्या मालकांवरचा कर, या साऱ्यांकडे आम्ही दान म्हणून पाहत नाही. ते देणे आहे. आणि त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तरही आम्हांला येथेच सापडते. ज्या प्रतिकाराबद्दल शेवटच्याला वाटा मिळायचा, तोच प्रतिकार मुद्दाम हरणारा संघ रोखून धरतो. कष्ट न करता तो मजुरी मागतो. दुर्बल असणे हा त्याच्या हक्काचा आधार कधीच नव्हता; दुर्बल असूनही उभे राहणे हा होता.

येथे एक गोष्ट आम्हांला सलते, तीही लिहिली पाहिजे. हे सारे देणे ज्याच्या खांद्यावरून दिले जाते, तो एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा असतो. आपण कोणत्या शहरात राहणार, कोणासाठी राबणार हे त्याने ठरवायचे नाही. ते सोडतीच्या चेंडूंनी ठरवायचे. एखाद्या अभियंत्याला किंवा परिचारिकेला असे सांगितले तर आपण ते सहन करू का? ऑस्कर रॉबर्टसन या थोर खेळाडूच्या नावाने १९७० साली खेळाडूंनी दावा लावला आणि १९७६च्या तडजोडीनंतर करार संपल्यावर संघ बदलण्याचा मार्ग हळूहळू मोकळा झाला. ड्राफ्ट मात्र खेळाडूंच्या संघटनेच्या संमतीने टिकून राहिला. आधीच आत असलेल्यांनी, अजून बाहेर असलेल्यांच्या वतीने दिलेली ही संमती! नोझिक यांच्या बाजूने काही बोलायचे असेल तर ते येथे बोलावे.

उपाय लागू पडला का, असे कोणी विचारील. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात निरनिराळे संघ विजेते झाले, हे पूर्वी कधी घडले नव्हते. वेतनाचे नियम अधिक कडक केल्याचा त्यात भाग असावा. तरी नियमांवर फार विसंबू नये. २०१६ साली दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे वेतनमर्यादा एका उडीत सात कोटी डॉलरांवरून सव्वानऊ कोटींच्या वर गेली. समतोलासाठी केलेल्या त्याच नियमाच्या आडोशाने ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट संघाला केव्हिन ड्युरँटही मिळाला आणि पुढली दोन विजेतेपदे त्यांनी जवळजवळ हसत खेळत नेली. उलट, मदत मिळूनही न उठणारे संघ आहेत. सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ २००६नंतर सलग सोळा मोसम बाद फेरीत पोहोचला नाही, एन.बी.ए.च्या इतिहासात इतकी दीर्घ उपेक्षा कोणाच्या वाट्याला आली नव्हती. दर वर्षी निवडीत चांगला क्रमांक यायचा आणि दर वर्षी निवड चुकायची. २०१८ साली दुसरा क्रमांक हाती असताना त्यांनी लुका डाँचिचला सोडून दुसऱ्यालाच घेतले.

या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. ऑक्टोबर २०१९मध्ये हाच संघ वरळीला इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळायला आला होता, आणि पहिल्या सामन्याला मुंबईच्या शाळांतील हजारो मुले होती. त्यांत आमचा हा प्रश्नकर्ताही होता. पुढच्या रविवारी आम्ही वरचा सारा विचार त्याच्यापुढे मांडला, तेव्हा त्याने तो शांतपणे ऐकला आणि त्या संध्याकाळविषयी सांगू लागला. सामना सरावाचा होता, गुणतक्त्यात धरला जाणार नव्हता. तरी बरोबरी झाली, वाढीव वेळ खेळावी लागली आणि किंग्ज एका गुणाने हरले. "तेव्हा आम्हांला कोणीच सांगितलं नव्हतं, की हे नेहमी हरतात," तो म्हणाला. "आम्हांला वाटलं, दोन्ही संघ सारखेच आहेत."

२०२३ साली किंग्ज अखेर बाद फेरीत पोहोचले आणि पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून सातव्या सामन्यात हरले. तो सातवा सामना आपण रात्री जागून पाहिल्याचे त्याने आम्हांला सांगितले. त्या सोमवारी पहिल्या मिस्सेला तो का दिसला नव्हता, याचा उलगडा आम्हांला तेव्हा झाला.