काळा पडदा आणि कुंभाराचे गाढव

घरी जोडलेला संगणक सुरू होत नसला, की तक्रार साधारण तीन प्रकारे येते. 'पॉवरच येत नाही', 'पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही', नाहीतर 'चालू होतो नि लगेच बंद पडतो'. मालकाच्या लेखी तिन्हींचा अर्थ एकच, पैसे बुडाले. दुरुस्तीला बसणाऱ्याच्या लेखी मात्र ही तीन वेगळी दुखणी आहेत. यंत्र आपल्या वाटेवर कुठवर जाऊन थांबले, ते त्यातून कळते.

ही वाट कुणी पाहत नाही, कारण एरवी ती काही सेकंदांत सरते. भिंतीवरचे बटण चालू असले की एसएमपीएस पाच व्होल्टचा एक बारीक पुरवठा मदरबोर्डला देतच असतो, संगणक 'बंद' असतानाही. कॅबिनेटचे बटण दाबणे म्हणजे दोन पिना क्षणभर जोडणे, बाकी काही नाही. मग मदरबोर्ड एसएमपीएसकडून आलेली एक तार, जुन्या केबलींत ती हिरवी असे, ग्राउंडला जोडतो आणि १२, ५ व ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे जागे होतात. ते स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांनी एसएमपीएस 'वीज ठीक आहे' असा निरोप धाडतो. तोवर प्रोसेसरला रोखून धरलेले असते. सुटल्यावर तो पहिली आज्ञा वाचायला जातो ती चार जीबी पत्त्यांच्या टोकाच्या सोळा बाइट अलीकडे. तिथे त्याला बायॉस भेटतो. त्या क्षणी रॅम बोर्डावर बसलेली असते, पण वापरता येत नाही. तिची ओळख पटवायची, वेग ठरवायचा, मग ग्राफिक्स, मग डिस्क. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हापासून ही स्वतःचीच झडती 'पोस्ट' या नावाने चालत आली आहे.

म्हणजे पडदा काळा असला तरी त्या काळोखाला क्रम आहे. पंखे फिरतात याचा अर्थ एसएमपीएस निदान जागा झाला. पडद्यावर अक्षर नाही याचा अर्थ झडती ग्राफिक्सच्या अलीकडे कुठेतरी अडली. पूर्वी यंत्र ते बीप करून सांगे. आता तो चिमुकला स्पीकर बोर्डाबरोबर बहुधा येत नाही, त्याच्या जागी बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ज्याच्यापाशी दिवा अडकून राहिला, चौकशी तिथून सुरू करायची. हे दिवे बघायचे सोडून मालक पडद्याकडेच टक लावून बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अशा वेळी मला 'तर्कसंग्रह' आठवतो. अन्नंभट्टाच्या सतराव्या शतकातल्या या छोट्या पुस्तकाची यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपांची आणि महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेची आवृत्ती १८९७ साली मुंबईच्या संस्कृत मालेत निघाली. जगातल्या सगळ्या पदार्थांची सात खणांत वाटणी करताना सातवा खण त्यात 'अभावा'ला दिला आहे. नसणे हीही जाणण्याजोगी गोष्ट मानली, आणि वर तिचे चार प्रकार केले. त्यातले दोन इथे थेट उपयोगी पडतात. मडके घडण्यापूर्वी मडके नसते, तो प्रागभाव. मडके फुटल्यावर ते नसते, तो प्रध्वंसाभाव. दिसायला दोन्ही सारखेच, जागा रिकामी.

काल चालणारा आणि आज न चालणारा संगणक हा प्रध्वंसाभाव. त्याच्या बाबतीत एकच प्रश्न बहुतेक वेळा पुरतो: मध्ये काय बदलले? वीज गडगडली, बायॉसचा सेल उतरला, कुणी साफसफाई करताना केबल हलवली, पालीने एसएमपीएसमध्ये देह ठेवला. (शेवटचे कोकणात मुळीच दुर्मीळ नाही.) नव्याने जोडलेल्या, एकदाही न उजळलेल्या संगणकाला असा 'काल' नाही. तो प्रागभाव. त्यातला एकही भाग इथे चालताना कुणी पाहिलेला नाही, आणि भाग जोडणारे हातही संशयितांच्या यादीत येतात. नव्या यंत्रात खराब भागापेक्षा चुकलेली जोडणी जास्त सापडते असे माझे मत आहे. प्रोसेसरची आठ पिनांची वेगळी वीज द्यायची राहून जाते, कारण तिची जागा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्याआड दडलेली. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या व चौथ्या खाचेत हव्यात, त्या शेजारी शेजारी बसतात. बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ नको तिथे राहतो आणि सोल्डरच्या टोकाला टेकतो. किंवा सगळे बिनचूक असते, फक्त बोर्डावरचा बायॉस प्रोसेसरपेक्षा जुना असतो आणि नव्या पाहुण्याला ओळखत नाही.

पण काही दिसत नाही म्हणून ते नाही, असे तरी कधी म्हणावे? कुमारिलभट्टाच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानतात. नैयायिक तसे मानत नाहीत. भांडण जुने आहे. मात्र एका अटीवर दोघांचे जमते: ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत मडके दिसले नाही, यावरून मडके नाही असे ठरत नाही. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या मागच्या खाचेत खोचली आणि प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसले (इंटेलच्या नावापुढे 'एफ' लावलेल्या प्रोसेसरांत नसते), तर आत संगणक व्यवस्थित सुरू होऊनही पडदा काळाच राहील. डीडीआर-५ रॅमचे तर आणखी वेगळे. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी आपले वेळापत्रक जुळवत बसतो आणि त्यात कधीकधी काही मिनिटे जातात. तेवढा वेळ पडदा रिकामा. ज्याला हे माहीत नाही तो अर्ध्या मिनिटात बटण दाबून धरतो, बंद करतो, पुन्हा सुरू करतो, आणि जुळवाजुळव दर वेळी पहिल्यापासून. धीर धरला असता तर बिघाड नव्हताच.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास राहणाऱ्याला एवढा विचार करण्याची गरज फारशी पडत नाही. कॅबिनेट उचलायचे, ओळखीच्या दुकानात न्यायचे, चालू एसएमपीएस लावून बघायचा, चालू रॅम लावून बघायची. रत्नागिरीत मारुती मंदिर ते रामआळी दुकाने आहेत, माणसे जाणती आहेत. पण ऑनलाइन मागवलेल्या नेमक्या त्याच पिढीचा बोर्ड किंवा प्रोसेसर चाचणीपुरता कुणाच्या फळीवर सापडेलच असे नाही. कुरिअरने परत पाठवायचे तर आठवडा मोडतो, आणि पाठवायचे तरी काय, हेच ठरलेले नसते. म्हणून इथे भर घालून शोधण्याऐवजी वजा करून शोधावे लागते. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. त्यावर प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी. डिस्क नाही, जमत असेल तर कार्ड नाही, बटणाची वायरसुद्धा नाही. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दोन पिनांना टेकवून सुरू करायचे. मग एकेक भाग परत आणायचा, एका वेळी एकच. पट्टी असताना अडते, काढली की पुढे सरकते: अन्वय आणि व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३च्या ग्रंथात याच चालीच्या पद्धती मांडल्या, आणि आपल्याकडे त्या त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होत्या. दोष एकच असला तर ही रीत चोख चालते. पट्टीही खराब नि खाचही खराब असे निघाले, की दोन्ही शास्त्रे थोडा वेळ गप्प होतात.

वर इथली हवा खऱ्या पण गैरलागू गोष्टी पुरवत राहते. परदेशी मार्गदर्शिका स्थिर विजेची धास्ती घालतात, मनगटाला पट्टा बांधा म्हणतात. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात ते मनावर घ्यावे. जुलैत, उघडे राहिलेले पापड तासाभरात सादळणाऱ्या रत्नागिरीत, तो धोका यादीत बराच खाली जातो. उलट कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघर. एसएमपीएसच्या आतले गाळणीचे कपॅसिटर थोडा प्रवाह कॅबिनेटवर सोडतात. अर्थिंग धड नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. आमच्या जांभ्यात, विशेषतः मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत असताना, चांगले अर्थिंग मिळवणे सोपे नाही. हा दोष खरा आहे आणि तो सुधारायलाच हवा. पण तो घराचा दोष आहे. काळ्या पडद्याचे खापर सहसा त्याच्यावर फोडता येत नाही.

आणि मग ते रबर. रॅम काढा, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासा, परत बसवा, संगणक चालू. मिऱ्या-मांडवीकडच्या खाऱ्या वाऱ्यात राहणारी माणसे यावर शपथ घेतील. कारण कोणते आणि नुसते सोबत असलेले कोणते, हे वेगळे करताना नैयायिकांनी कुंभाराचे गाढव पुढे आणले आहे. माती गाढवाच्या पाठीवरून आली, मडके घडण्यापूर्वी गाढव तिथे हजर होते, तरी गाढव मडक्याचे कारण नव्हे. माती डोक्यावरून आणली असती तरी मडके झालेच असते. त्याला ते अन्यथासिद्ध म्हणतात. मला दाट संशय आहे की रॅमच्या गोष्टीत रबर हे बरेचदा गाढव असते. सोन्याचा मुलामा सहजी गंजत नाही, उलट जोराने घासला तर झिजतो. पट्टी काढून पुन्हा नीट, खटका वाजेपर्यंत दाबून बसवली, यानेच काम झालेले असते. बरेचदा म्हटले, कारण वर्षानुवर्षे समुद्राकाठच्या घरात राहिलेल्या यंत्रात खाचेच्या स्प्रिंगांवर खरोखरच थर चढतो, आणि तिथे घासण्याला काही अर्थ असू शकतो. निवाडा करायचा तर पट्टी न घासता नुसती काढून बसवून आधी पाहायला हवे होते. ते राहून गेले असेल, तर चालू झालेला संगणक मुद्दाम पुन्हा बंद पाडून, तीच पट्टी तशीच अर्धवट बसवून पाहावी लागेल. रात्री उशिरा एकदाचा डिस्प्ले आल्यावर असे करायला तयार होणारा माणूस मला रत्नागिरीत अजून भेटलेला नाही.