रविवारचा विसावा



आठवडाभर आपण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करतो. एक जण घरी येतो तेव्हा दुसरा निघालेला असतो. म्हणून रविवारी मिस्सानंतर डबे बांधून लोकलने मळवलीला उतरावे, भाजे-कार्ल्याची लेणी पाहावीत, एकत्र जेवावे, यात गैर काही नाही. दमलेल्या प्रेषितांना प्रभू येशूनेच एकांतात विसाव्याला बोलावले होते (मार्क ६:३१).

पण ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवार होते. मृतांना दोष न देता आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. मात्र मंदिराच्या शिखरावर असताना येशूने देवाची परीक्षा पाहण्याचे नाकारले (मत्तय ४:५-७), हे विसरू नये. धोक्याची पाटी वाचून मागे फिरणे हा भित्रेपणा नव्हे. आपली मुले ही देवाने आपल्याकडे दिलेली ठेव आहे.

निघताना प्रार्थना करू या, अंधारापूर्वी परतू या आणि रात्री सर्व मिळून रोझरी म्हणू या.