फासाचे माप

खुनाच्या रहस्यावर रचलेले नाट्य प्रेक्षकाच्या बुद्धीला बहुधा एकच प्रश्न घालते, की मारणारा कोण. परंतु काशीच्या भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८८१ साली तेथील नॅशनल थिएटर या नाट्यमंडळीकरिता, एका दिवसात म्हणून सांगतात, जे ‘अंधेर नगरी’ नावाचे प्रहसन लिहिले, त्यात फासात कोण बसेल हाच प्रश्न उरतो.

कल्लू बनियाची भिंत कोसळून एका गरिबाची बकरी चिरडते, तो दरबारात फिर्याद गुदरतो, आणि राजा चौकशी फर्मावतो. मग बनिया गवंड्यावर, गवंडी चुनेवाल्यावर, चुनेवाला जास्त पाणी ओतणाऱ्या भिस्त्यावर, भिस्ती मोठी मशक करणाऱ्या खाटकावर, खाटीक थोराड मेंढी विकणाऱ्या धनगरावर आणि धनगर आपल्या थाटाच्या स्वारीने त्याचे लक्ष विचलित करणाऱ्या कोतवालावर दोष ढकलतो. प्रत्येकाची जबानी सुसंगत, प्रत्येकाचे कारण खरे. आणि तरीही शिक्षा ठरते ती पुराव्यावरून नव्हे. कोतवाल कृश, फास मोठा, म्हणून हुकूम सुटतो की एखादा लठ्ठ मनुष्य धरून आणा.

मराठी वाचकाला येथे बडोद्याचे प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. नोव्हेंबर १८७४ मध्ये तेथील ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेयर यांच्या सरबतात सोमल घातल्याचा आरोप बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. सहाजणांच्या कमिशनात तिघा युरोपीय सभासदांनी त्यांना दोषी मानले, तर जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांना आरोप शाबीत वाटला नाही. आणि सरकारने एप्रिल १८७५ मध्ये गादी काढून घेतली ती गैरकारभाराच्या सबबीवर. मल्हाररावांचा कारभार निंद्य होता हे मान्य करूनही, विषप्रयोगाच्या चौकशीचा शेवट दुसऱ्याच दोषारोपात झाला, हे विसरता येत नाही. याच पदच्युतीवर भारतेंदूंनी १८७६ साली ‘विषस्य विषमौषधम्’ हा भाण लिहिला. भाणात नट एकच; तो अदृश्य माणसांशी बोलतो, त्यांची उत्तरे स्वतःच उच्चारतो, आणि समोरचा प्रेक्षक नकळत त्या संभाषणाचा दुसरा पक्ष होऊन बसतो.

‘अंधेर नगरी’त हा सहभाग अधिक गहन आहे. बाजाराच्या प्रवेशात फेरीवाले आपापला माल पुकारतात, चूर्ण विकणारा अंमलदारांना लाच कशी पचते तेही सांगून टाकतो, आणि भाजी असो वा मिठाई, सारे टक्याला शेर. काशीच्या गल्लीबोळांतून आलेला प्रेक्षक या आरोळ्यांना हसतो, तेव्हा तो त्या स्वस्ताईचा गिऱ्हाईकच झालेला असतो; आणि गुरूने बजावूनही त्याच स्वस्ताईला भुलून नगरीत राहिलेला, मिठाईने पुष्ट झालेला शिष्य गोबरधनदास जेव्हा फासाला हवा असलेला लठ्ठ मनुष्य म्हणून शिपायांच्या हाती सापडतो, तेव्हा त्या हसण्याची किंमत प्रेक्षकाला कळते. माझ्या मते प्रहसनाचा खरा उत्कर्षबिंदू हा आहे, शेवट नव्हे. या घटकेला मरणारा थेट वैकुंठाला जातो, असे गुरूने भासवताच राजा स्वतःच फासावर चढतो. ही युक्ती चतुर आहे, लोकांना ती आवडते, परंतु तिने सुटतो तो एक शिष्य. मंत्री जागेवर आहे, कोतवाल जिवंत आहे, आणि बकरीच्या धन्याला अद्याप कोणी काही दिलेले नाही.