रतीब आणि रातिब

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा आतून लढत होते ते मुख्यतः अरब. पगारी शिपाई. समुद्रापलीकडून चाकरीसाठी आलेले, मराठी सरदारांच्या फौजांत मोठा भाव असलेले आणि पेशवाई बुडताच धनी हरवलेले. पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांनी १७४० च्या सुमारास मोसम नदीकाठी बांधलेला हा भुईकोट त्यांनी जवळजवळ महिनाभर लढवला. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेतली दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. जूनमध्ये तोफगोळ्याने दारूकोठार उडालं आणि शिबंदीने बोलणी सुरू केली.

बिनशर्त शरण गेलो तर कापून काढतील, ही अरबांची भीती होती. म्हणून मॅकडॉवेलने त्यांना लेखी हमी दिली, आणि तो कागद मराठीत लिहिला गेला. लिहिताना तो साहेबाच्या मनात होतं त्याहून उदार झाला. शिबंदीच्या हिताचं असेल ते केलं जाईल, त्यांच्या पगाराबद्दल पत्रं लिहिली जातील, माणसांच्या जेवणाचा आणि जखमींच्या औषधपाण्याचा खर्च सरकार सोसेल, असं त्यात आलं. पुढे अर्थावरून वाद झाला, तेव्हा दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याने तो शिबंदीच्या बाजूने लावला. परमुलखात चाकरी करणाऱ्या माणसांचं त्या दिवशीचं नशीब कागदावरच्या शब्दांवर ठरलं, आणि ते शब्द मराठी होते.

दोनशे वर्षांनंतर प्रवासाची दिशा बदलली आहे. आता मालेगावचा तरुण अरबांच्या मुलखात काम शोधतो. एजंट, व्हिसा, मेडिकल, तिकीट यांबद्दल गावात पुष्कळ बोललं जातं. ज्या कागदावर त्याची पुढची दोन-तीन वर्षं ठरतात, त्या करारनाम्याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही.

परक्या गावी जाऊन पोट भरणं मालेगावला नवं नाही. हे शहरच अशा माणसांनी उभं केलं. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आणि १८६२ च्या दुष्काळात बनारसच्या मुलखातून मुस्लिम विणकर कुटुंबं आग्रा रोडने इथे आली आणि स्थिरावली. आल्यावर त्यांना कोणाला दाखला दाखवावा लागला नाही. माग टाकला, लुगडं विणलं, बाजारात नेलं. हातातली कला हीच ओळख. पुढे वीज आली, हातमाग जाऊन लूम आले, आणि २०११ च्या जनगणनेत ४ लाख ८१ हजार वस्तीचं हे शहर दिवसरात्र खडखडू लागलं होतं.

आजच्या स्थलांतरात ही सोय उरलेली नाही. बारा तासांच्या पाळीत अनेक लूम एकट्याने सांभाळणारा, तुटलेली तार कानाने ओळखणारा कारागीर आखातात जातो तेव्हा त्याच्या कौशल्याला तिथे खातंच नसतं. मुंबईत होणाऱ्या ट्रेड टेस्टमध्ये वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक, गवंडी, ड्रायव्हर असे रकाने असतात. विणकराचा रकाना नाही. मग तो ‘हेल्पर’ म्हणून जातो, म्हणजे सगळ्यात खालच्या पगारावर. नवी जागा माणसाचं जुनं शहाणपण शून्य धरते, ही परदेशी काम शोधण्यातली पहिली आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट आहे.

ही वाट महाराष्ट्रात आधी कोकणाने तुडवली. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात रस्ते आणि इमारती उभ्या राहू लागल्या, आणि रत्नागिरी-रायगडच्या गावागावांतून माणसं निघाली. आज आखाताच्या सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. एवढ्या मोठ्या जाण्यायेण्यावर देखरेख ठेवणारा कायदा आहे १९८३ चा, आणि त्याचा सगळा भार पासपोर्टवरच्या तीन अक्षरांवर आहे: ईसीआर.

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर हा शेरा येतो. अशा माणसाला सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा १८ देशांत कामासाठी जायचं तर परदेशगमन संरक्षकाची मंजुरी लागते. मालक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदलेला हवा, एजंटकडे परवाना हवा, करारात पगार आणि कामाचे तास लिहिलेले हवेत. १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा, दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. एजंटने सेवाशुल्क घ्यायचं ते जास्तीत जास्त ३० हजार, वर जीएसटी, आणि त्याची पावती द्यायची. हे सगळं चांगलं आहे, आणि गरिबाला खरोखर उपयोगी आहे.

पण दहावी पास झालं की हे कवच गळून पडतं. मंजुरी नको, विम्याची सक्ती नको. कायद्याने असं गृहीत धरलं आहे की दहावी झालेला मुलगा आपलं हित आपण पाहू शकतो. ज्या कराराचा अधिकृत मजकूर अरबीत असतो, तो वाचायला महाराष्ट्राच्या दहावीत कोणत्या विषयात शिकवतात? पस्तीस टक्के मिळवून सुटलेला मुलगा आणि दोन विषयांत अडकलेला त्याचा भाऊ त्या कागदापुढे सारखेच निरक्षर असतात. एकाच्या पाठीशी सरकार उभं राहतं, दुसऱ्याच्या नाही.

उलट बाजूला, ईसीआरवाल्याला मंजुरीची कटकट नको म्हणून टुरिस्ट व्हिसावर चढवून देणारेही आहेत. ‘तिकडे गेल्यावर बदलून देऊ’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तसाच ‘आझाद व्हिसा’. नाव किती मोहक! प्रत्यक्षात कागदावर एक मालक असतो, त्याला पैसे मोजायचे, आणि काम दुसरीकडे कुठेतरी शोधायचं. पकडलं गेलं तर तो मालक ओळख देत नाही. हे सांगणारा माणूस सहसा परवानाधारक एजंट नसतोच. तो मेव्हण्याचा मित्र असतो, मोहल्ल्यातला असतो, नमाजाला शेजारी उभा राहणारा असतो. कायद्याला सब-एजंट ही जात मान्य नाही, पण ओळखीचा म्हणून विश्वास बसतो तो त्याच्यावरच. पैसेही त्याच्याच हातात पडतात, बिनपावतीचे, आणि त्यासाठी बहुतेकदा घरातलं सोनं गेलेलं असतं.

आता तो कागद जरा जवळून पाहू. पानाचे दोन उभे भाग असतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. दोन्हींत फरक पडला तर न्यायालयात अरबी मजकूर ग्राह्य. मालेगावचा मुलगा मात्र या उजव्या बाजूला पूर्ण परका नसतो. त्याने लहानपणी कुराण वाचलेलं असतं, शाळा उर्दू माध्यमाची असते. अक्षर न् अक्षर त्याला लावता येतं. तो मोठ्याने वाचूही शकतो. घरचे ऐकतात आणि त्यांना वाटतं, पोराला कळतंय. अक्षरं ओळखीची आणि अर्थ परका, ही अवस्था साध्या निरक्षरतेहून अधिक धोक्याची आहे, कारण निरक्षर माणूस निदान दुसऱ्याला विचारायला जातो.

आकड्यांचंही तसंच. उर्दू आणि अरबी आकडे बरेचसे सारखे, पण चार, पाच, सहा यांची वळणं वेगळी. अरबी पाच हा थेट आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. पगाराच्या ओळीवर घाईने नजर फिरवणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाला दीड हजाराचा आकडा एक, शून्य आणि दोन ठिपके असाच दिसेल.

आणि शब्द? इथे मराठी वाचकालाही आश्चर्य वाटावं अशी गोष्ट आहे. त्या उजव्या बाजूचे कितीतरी शब्द आपल्या घरचे आहेत. तारीख. सन. मुदत. शर्त. हक्क. मालकासाठी तिथे शब्द आहे ‘साहिब अल-अमल’, कामाचा धनी. त्यातला साहिब आपला साहेब, आणि अमल, म्हणजे काम, हाच आपल्याकडे येता येता ‘अंमल’ झाला. पगाराला तिथे रोजच्या बोलण्यात ‘रातिब’ म्हणतात. दारात रोज सकाळी ठरलेलं दूध येतं, त्याला आपण रतीब म्हणतो. ठरलेलं, नेमलेलं, न चुकता मिळणारं, एवढा अर्थ दोन्हीकडे शाबूत राहिला आहे. कामगाराचं आखातातलं मुख्य गाऱ्हाणं ऐकलं तर तेच असतं: रतीब चुकला. अमिरातींनी २००९ मध्ये, सौदीने २०१३ मध्ये आणि कतारने २०१५ मध्ये पगार बँकेतूनच द्यायची सक्ती केली, ती याच गाऱ्हाण्यावर.

मात्र ओळखीचा शब्द फसवूही शकतो. ‘कफील’ घ्या. उर्दूत कफील म्हणजे जबाबदारी घेणारा, अनाथाला आधार देणारा. त्या शब्दाला माया आहे. आखातात कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना निघतो तो माणूस. पूर्वी त्याच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे. कतारने ही अट २०२० मध्ये काढली, सौदीने २०२१ मध्ये बरीच सैल केली. तरी मोहल्ल्यात ‘कफील चांगला मिळाला’ असं ऐकलं की आईच्या मनात उर्दूतला कफील उभा राहतो.

सगळ्यात महाग पडणारा शब्द ‘अल-अजर अल-असासी’. असास म्हणजे पाया. मूळ वेतन. एजंट सांगतो, महिन्याला हजार दिरहम. कागदावर मूळ वेतन सहाशे असतं आणि उरलेले चारशे जेवण-भत्ता वगैरे. हातात हजारच पडतात, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण अमिरातींत पहिल्या पाच वर्षांसाठी नोकरीअखेरची रक्कम मोजतात ती दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ वेतनाच्या हिशेबाने. मूळ वेतन हजार असतं तर पाच वर्षांचे साडेतीन हजार दिरहम झाले असते. सहाशे असल्यामुळे एकवीसशे. चौदाशे दिरहम एका शब्दाच्या जागेवरून गेले. जादा कामाचा दरही मूळ वेतनावरच लागतो, त्यामुळे रोज संध्याकाळी थांबणाऱ्या माणसाचं नुकसान महिन्यागणिक वाढत जातं.

अमिरातींनी २०१६ पासून एक बरा नियम केला. कामगाराला नोकरीचा प्रस्ताव आधी त्याला कळेल अशा भाषेत दाखवायचा, आणि नंतरचा करार त्याच्याशी जुळला पाहिजे. त्यासाठी अरबी, इंग्रजी यांच्यासह ११ भाषा ठरवल्या. त्यांत हिंदी आहे, उर्दू आहे, मल्याळम आणि तमिळ आहेत. मराठी नाही. मालेगावच्या उर्दू शाळेतल्या मुलाला या यादीचा फायदा मिळू शकतो, आणि शेजारच्या दाभाडी-झोडग्याच्या मराठी शाळेतल्या मुलाला हिंदीवर भागवावं लागतं. पण हा नियम आहे हेच मुळात किती जणांना ठाऊक असतं? निघण्याच्या आदल्या रात्री ‘इथे सही कर’ म्हणून पुढे आलेल्या कागदापाशी, ‘मला उर्दूतला द्या’ असं म्हणायला आधी ते माहीत असावं लागतं.

केरळने हे काम सरकारचं मानलं. ‘ओडेपेक’ ही परदेशी भरतीची सरकारी कंपनी तिथे १९७७ पासून आहे, प्रवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खातं १९९६ मध्ये आलं आणि ‘नोर्का रूट्स’ २००२ मध्ये. महाराष्ट्रालाही हे जमत नाही असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्याची सुरुवातच जर्मन भाषेच्या मोफत वर्गांनी ठेवली. जर्मनीला जाणाऱ्या नर्सला आणि इलेक्ट्रिशियनला भाषा आधी यावी, हे योग्यच आहे. मग आखातात जाणाऱ्या हेल्परला निदान एका करारापुरती, शंभरेक शब्दांची अरबी कोणी का शिकवू नये? तो तर अधिक गरीब आहे आणि त्याच्या करारात पळवाटाही अधिक असतात. मालेगावात उर्दू शाळा आहेत, अरबी उत्तम जाणणारे मदरशांचे शिक्षक आहेत, आयटीआय आहे. ज्या शहरात अरबीचे इतके जाणकार आहेत, तिथल्या मुलाने करारावर न कळता सही करावी, हे मनाला लागतं. जुम्याला लूम बंद असतात, त्या दिवशी दोन तासांचा वर्गसुद्धा पुष्कळ काम करील.

त्या वर्गात सुरुवातीला एवढंच सांगायचं: एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर बघायचा. प्रस्ताव आणि करार यांचे फोटो काढून घरी ठेवायचे. मूळ वेतनाचा आकडा बोट ठेवून वाचायचा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं तिथल्या कायद्यातही बसत नाही. अडलं तर भारतीय दूतावास आहे, ‘मदद’ संकेतस्थळ आहे. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले. अशा वेळी कोणत्या घराला काय मिळणार, हेही आधी सही झालेल्या अशाच कागदांवर ठरतं.

मालेगावच्या किल्ल्यात आता शाळा भरते. ज्या भिंतींआड अरब शिपायांनी मराठी कागदाची वाट पाहिली, तिथे मुलं बाराखडी घोकतात. थोड्याच अंतरावरच्या गल्लीत एखाद्या घरी मुंबईहून प्लॅस्टिकच्या फायलीतून करार आलेला असतो. व्हिसा निघाला म्हणून शेजारी पेढे खाऊन गेलेले असतात. मुलगा कागद उजवीकडून वाचायला घेतो. तारीख, सन, मुद्दत, इथपर्यंत त्याचा आवाज खणखणीत असतो. रातिबच्या ओळीवर तो थांबतो, गोल आकड्यावर बोट ठेवतो आणि आईला म्हणतो, मौलवीसाहेबांना विचारून येतो.