मचव्यावर धनी कोण?

(लूक ५ : १–११)

ख्रिस्ताला प्रभु म्हणणें आपल्या जिभेला इतकें सवयीचें झालें आहे कीं, प्रभु म्हणजे धनी, हें सहसा आपल्या ध्यानांत राहत नाहीं. ज्याच्या शब्दापुढें आपला शब्द चालत नाहीं तो धनी. हें धनीपण मान्य करणें रोजच्या आयुष्यांत नेमकें कोठें जड जातें, तें लूकानें गनेसरेत सरोवराच्या कांठीं घडलेल्या एका हकीकतींत दाखविलें आहे.

हें सरोवर गालील प्रांतांत आहे. त्याची लांबी सुमारें २१ किलोमीटर असून त्याचें पाणी समुद्रसपाटीच्या २०० मीटरांहून अधिक खालीं आहे. १९८६ सालीं अवर्षणामुळें पाणी ओसरलें असतां कांठच्या चिखलांत एक प्राचीन मचवा सांपडला. तो सुमारें ८ मीटर लांब असून ख्रिस्ताच्या काळाच्या आसपासचा असावा, असें संशोधकांनीं ठरविलें. त्याला नाना जातींचीं लांकडें जोडलेलीं आहेत आणि जागोजाग दुरुस्ती केलेली आहे. तो शिमोनाचाच होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गरीब कोळ्याचें घर कसल्या मचव्यावर चालत असे, तें त्यावरून दिसतें.

अशाच एका मचव्यांत प्रभु येऊन बसला, आणि त्यानें शिमोनाजवळ दोन गोष्टी मागितल्या. पहिली ही कीं, मचवा कांठापासून थोडा लोटावा, म्हणजे लोकांस शिकवितां येईल. शिमोनानें तें केलें. त्या वेळीं मचवा रिकामाच होता. त्याचें व्यासपीठ झाल्यानें कोळ्याचें कांहीं जात नव्हतें. आपण रविवारीं देवळांत बसतों, वर्गणी देतों, पाळकसाहेब आले तर त्यांस जेवूं घालतों. हें सर्व चांगलेंच आहे; पण बहुधा एवढ्यानें आपली पहिलीच मागणी पुरी होते.

उपदेश संपल्यावर प्रभूनें दुसरी गोष्ट मागितली. मचवा खोल पाण्यांत हांकारून जाळीं टाकावीं, असें त्यानें सांगितलें. रात्रभर कष्ट करून कांहीं हातीं लागलें नव्हतें. जाळीं धुऊन झालीं होतीं. सांगणारा डोंगरांतील नासरेथ गांवीं वाढलेला सुतार, आणि ऐकणारा त्याच पाण्यावर पोट भरणारा कोळी! शिमोनानें रात्रीचा अनुभव लपविला नाहीं. तो त्यानें स्पष्ट सांगितला, आणि मग प्रभूच्या शब्दासाठीं तो बाजूस ठेवून जाळें टाकलें. अधीन होणें म्हणजे बुद्धि टाकून देणें नव्हे. आपला अनुभव एकीकडे ओढील आणि प्रभूचा शब्द दुसरीकडे, तेव्हां वल्हें कोणाच्या सांगण्यावरून मारावयाचें, हें ठरविणें म्हणजे अधीन होणें.

जेथें आपलें शहाणपण संपतें तेथें आपण प्रभूला लागलीच हांक मारतों. दुखणें आलें, गारा पडल्या, मरण दारीं आलें, कीं प्रार्थना सुरू होते. पण जें काम आपल्याला चांगलें येतें, तेथें आपण म्हणतों कीं, व्यवहार वेगळा आणि धर्म वेगळा. नांगरतांना शेजाऱ्याचा बांध कोरणें, दुधांत पाणी घालणें, मजूर बाईची मजुरी उद्यांवर ढकलणें, मुलाच्या लग्नांत हुंड्याची गोष्ट हळूच काढणें, हें सर्व शहाणपणानेंच चालतें. तेथें प्रभूनें तोंड घातलें, तर त्याला ह्यांतलें काय कळतें, असें आपलें मन म्हणतें.

स्वयंपाकघरांत जिची सत्ता चालते त्या भगिनीलाही हें लागू आहे. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. त्यानंतरही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) कांहीं काळ आपलें सोंवळें संभाळून राहिल्या. पुढें जातिभेद हा देवाचा नव्हे, असें त्यांच्या मनाला पटलें, तेव्हां त्यांनीं कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यांनीं त्यानंतर घेतला. ही हकीकत ‘स्मृतिचित्रें’ ह्या त्यांच्या आत्मचरित्रांत आहे. म्हणजे देवळाआधीं पाण्याच्या घागरीपाशीं त्यांचा निर्णय झाला.

कोणी म्हणेल, शिमोनाला तर दोन मचवे भरून मासे मिळाले. आज्ञा पाळली तर आपलेंही जाळें भरेल. प्रियहो, शेवट वाचा. मचवे कांठाला लागल्यावर त्यांनीं सर्व सोडलें आणि ते त्याच्यामागें गेले. मासे ही जर त्यांची मजुरी असती, तर ते बाजाराची वाट धरते. जाळें टाकण्यापूर्वीं शिमोनानें येशूला गुरुजी म्हटलें होतें. मासे पाहिल्यावर तो त्याच्या पायां पडून प्रभु म्हणाला. आपल्या मचव्यांत कोण बसला आहे, हें त्याला त्या क्षणीं कळलें. कोरलेला बांध जो परत सोडील, त्याच्या शेतांत त्या वर्षीं दाणे अधिक येतीलच असें आम्ही सांगत नाहीं. कदाचित् कमीच येतील. परंतु ज्याला तो प्रभु म्हणतो, तो खरोखर त्याचा धनी असेल.

म्हणून सोमवारीं सकाळीं औत जुंपतांना, धार काढतांना, तागडी हातीं घेतांना प्रत्येकानें आपणांस विचारावें : हें माझें जाळें कोणाच्या शब्दावरून पाण्यांत पडत आहे? जें एक काम आपण आजवर त्याच्यापासून राखून ठेविलें असेल, तेंच ह्या आठवड्यांत त्याच्या हातीं द्यावें. तो आपणां सर्वांस तेवढें धैर्य देवो. आमेन.